डोक्यातला चुना

मी दारू पीत नाही, हे सोनपेठच्या बाजारात कुणालाच पटत नव्हतं. पाय टाकायचो एकीकडं, पडायचा भलतीकडं. भाजीवाली विचारायची, "काय गुरुजी, सकाळी सकाळीच?"

थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, तर कळस केला. भावकी गोळा करून मला मारुतीच्या पायरीवर हात ठेवायला लावला. कधी न चाखलेली दारू मी शपथेवर सोडली. असा पराक्रम आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही.

शेवटी परभणीच्या डॉक्टरांनी डोक्याचा सीटी स्कॅन काढला. मेंदूत दोन्ही बाजूंना पांढरे डाग. "कॅल्शियम साचलंय. फार कमी लोकांत सापडतं हे. चालणं-बोलणं बिघडतं. पुष्कळदा घराण्यातून येतं. घरात आणखी कुणाला?"

"छे! आमचं घराणं खणखणीत!" मी छाती ठोकायला गेलो, हात खांद्यावर बसला.

कॅल्शियम म्हणजे चुना, एवढं विज्ञान मी पोरांना शिकवलेलं. तेव्हा रोगाचं मूळ एसटीत बसेपर्यंत मीच शोधून काढलं: तंबाखूला लावायचा चुना! डबी खिडकीतून फेकली नि थेट दादाच्या ओसरीवर जाऊन सगळं सांगितलं.

"चुना सोडला, दादा. आता मेंदू बघ कसा लख्ख होतोय."

दादा हसला. "काय उपयोग न्हाई रे येड्या. मीबी सोडला होता. डॉक्टर म्हणला, चुन्याचा काय संबंध न्हाई."

बोलून बसला. मग जीभ चावली.

"तुला कधी कळलं?"

"माझ्या थोरलीचं लग्न ठरायलं होतं तवा. कसं सांगू?"

"अन् मला शपथ घातलीस, तवा ओळखलं नव्हतंस?"

"ओळखलं की. पण दारुड्याची पोरगी लोक करून घेतेत. असल्या रोगाच्या घरात कोण सोयरीक करतंय? तुझ्या पोरीलाबी बोलू नको. तिचं जमायलंय."

म्हणजे माझी चाल बघताच त्याला सगळं कळलं होतं, आणि त्यानं विचार करून मला दारुडा ठरवलं. माझी बायको कपडे घ्यायलासुद्धा ज्याला विचारून जायची, तो हा माझा दादा.

उठताना तोल गेला. त्यानं सवयीनं हात पुढं केला. मी खांब धरला.

रस्त्यावर येऊन सेलूला शिकायला असलेल्या पोरीला फोन लावला. सगळं सांगितलं, काही न गाळता. ती म्हणाली, "बाबा, ताईला माहीत हाय का? काकानं पोटच्या पोरीला तरी सांगितलंय का?"

मी मागं वळून बघितलं. ओसरी रिकामी होती, दाराला आतून कडी लागली होती.