फक्कीची बाग

कॉलनीच्या नव्या बागेचा कागदावरचा नकाशा बैठकीत कुणालाच धड कळेना. म्हणून रविवारी सगळ्यांनी मिळून रिकाम्या प्लॉटवर फक्कीच्या पांढऱ्या रेघाच मारल्या. इथे फाटक, तिथे झोपाळा, कडेला बाक.

सोमवारी सकाळी दूध आणायला निघालो, तर शेजारच्या शिंदेकाकू बाकाच्या चौकोनात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेल्या.

"काकू, बाग व्हायला अजून अवकाश आहे."

"ठाऊक आहे रे. ऊन कधी येतं ते बघून ठेवते. वर्गणी दिलीय, मग उन्हात बसू का?"

एरवी या प्लॉटमधून लोक हवे तसे तिरके जातात. आज मात्र वर्गणीला कुरकुरणारे जोशीही फुलांच्या वाफ्याला वळसा घालून गेले. वाफ्यात होतं वाळकं गवत आणि एक फुटकी कुंडी. दुसऱ्याने बांधलेल्या भिंतीला आपण सहज भगदाड पाडतो. स्वतः ओढलेल्या रेघेशी मात्र पाय अडत असावा.

परतताना मला उशीर झाला होता. तरी फाटकाच्या दोन रेघांमधूनच आत शिरलो, आणि फाटक लावून घ्यायला माझा हात मागे गेला.