बंद घरांचे नंबर

मनकर्णाबाईंची आणि माझी ओळख झाली ती एकमेकांना चोर समजूनच. मी पळसवाडीतल्या एका बंद घराच्या दारावर लाल रंगानं नंबर टाकत होतो. पाठीमागून कुणीतरी खाकरलं. वळून पाहिलं तर साठीला टेकलेली एक शिडशिडीत बाई, कमरेला भला मोठा किल्ल्यांचा जुडगा. एवढ्या किल्ल्या एका बाईच्या कमरेला कशाला, हा माझा पहिला विचार. लोकांच्या दाराला रंग कशाला, हा त्यांचा.

मी ओळखपत्र दाखवलं. ओढ्याअलीकडच्या मोठ्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी शिक्षक आहे आणि या उन्हाळ्यात जनगणनेचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. प्रत्येक घराला नंबर द्यायचा, माणसं किती, पाणी कुठून आणता, चूल की गॅस, सगळं विचारून मोबाईलमध्ये भरायचं. बाईंनी ओळखपत्र उलटंपालटं केलं, फोटो माझ्या तोंडाशेजारी धरून पाहिला आणि फोटोतला माणूस बरा दिसतो एवढंच म्हणाल्या. मी मनातल्या मनात दात-ओठ खाल्ले.

पळसवाडी कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरच्या बाजारापासून जीपनं पाऊण तासावर. मोठं गाव काळ्या जमिनीत, हळदीवर आणि सोयाबीनवर पोसलेलं. वाडी ओढ्यापलीकडं मुरमाड टेकाडावर. पाऊस बरा झाला तर तूर, नाहीतर नुसता पळस. वाडीची माणसं मोठ्या गावातच मोजतात. त्यामुळं आपल्या माणसांवर गाव निधी खातं असा वाडीला संशय, आणि वाडी फुकट पोसावी लागते असा गावाला. दिवाळीनंतर निम्मी वाडी बाहेर पडते, कुणी वीटभट्टीवर, कुणी पुण्याकडं बांधकामावर. पेरणीच्या तोंडावर माघारी येतात. तोवर त्यांच्या घरांच्या किल्ल्या मनकर्णाबाईंकडं असतात.

हे काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं. नवरा संतराम वारला त्या वर्षी शेजारणीनं जाताना किल्ली दिली, तेवढाच बाईंच्या जिवाला विरंगुळा म्हणून. दुसऱ्या वर्षी आणखी दोघींनी दिली. मग रीतच पडली. बाई आळीपाळीनं घरं उघडत, झाडत, विंचूकाटा बघत, पुन्हा कुलूप लावून ते दोनदा ओढून बघत. मुलगा सोमेश्वर पुण्याला एका कारखान्यात. सून प्रियंका आणि नातू रुद्र तिकडंच. पुढच्या वर्षी परत येतो, इथंच काहीतरी बघतो, असं तो दर दिवाळीला सांगायचा. त्यानं घराला जोडून बांधलेल्या दोन खोल्याही बाईंनी इतरांच्या घरांसारख्याच लखलखीत ठेवल्या होत्या.

वाडीत येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला आधी बाईंच्या नजरेखालून जावं लागे. सोलर पंप विकायला आलेल्या एका टायवाल्याला त्यांनी, त्याचा साहेब फोनवर येईपर्यंत, उन्हात उभं केलं होतं. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यांना त्या मागच्या वेळी काय बोलला होतात ते आधी विचारत. मला हे सगळं कोंडीबानं सांगितलं. कोंडीबा म्हणजे त्यांचा शेजारी. वाडीची वेगळी ग्रामपंचायत व्हावी म्हणून तो तहसीलला चकरा मारतो आणि गावाचं नाव काढलं की थुंकतो.

पहिल्याच दिवशी मी बाईंना त्यांच्या घरातली माणसं विचारली. त्या म्हणाल्या चार. मी घरात डोकावलो. एक खाट, एक ताट. दिसता तर एकट्याच, असं मी म्हटलं, तर त्या म्हणाल्या की बाकीचे कामाला गेलेत. आकडा फुगवायचा वाडीचा डाव मला ठाऊक होता. हे घर नंतर बघू म्हणून मी तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर नंबर गायब. सगळे नव्हे, फक्त बंद घरांचे. दारं ओल्या फडक्यानं आणि राखेनं घासून साफ केलेली. मी नंबर परत टाकले, पुढच्या दिवशी पुन्हा गायब. माझं डोकं फिरलं. आधी मला मोठ्या गावातल्या पुढाऱ्यांचा संशय आला, कारण वाडीची घरं कमी भरली तर ते त्यांच्या पथ्यावर पडणार होतं. मग कोंडीबाचा आला, कारण गावाचं नाव खराब करायला तो काहीही करील. मी त्याला तसं तोंडावर बोललो. त्यानं मला गावाचा हस्तक म्हटलं. ओढ्यातच आमची चांगली जुंपली. बाई टेकाडावरून हे सगळं बघत होत्या आणि एका शब्दानं मध्ये पडल्या नाहीत.

तिसऱ्या खेपेला मी नेहमीची वेळ सोडून भर दुपारी गेलो. वाडीत चिटपाखरू नव्हतं. आणि मनकर्णाबाई, कसलीही चोरी नाही, लपवाछपवी नाही, बादली शेजारी ठेवून माझा नंबर खसाखसा पुसत होत्या. मी ओरडलोच. सरकारी कामात अडथळा, पोलीस, काय वाट्टेल ते बोलून गेलो. त्यांनी फडकं पिळलं आणि शांतपणे विचारलं, "मान्सं भट्टीवर हायत, तर नंबर दाराला काहून?"

नियम आहे, एवढंच म्हणालो.

मग त्या ओट्यावर बसल्या आणि मलाही बसा म्हणाल्या. त्यांचं माहेर पैनगंगेच्या काठी होतं. आता ते धरणाच्या पाण्याखाली आहे. त्या सात-आठ वर्षांच्या असताना असाच उन्हाळ्यात एक माणूस रंगाचा डबा घेऊन आला आणि दारोदार नंबर टाकू लागला. त्यांचे वडील उकंडराव गावात मान असलेले. त्यांनी त्या माणसाला घर अन् घर दाखवलं, कोण कुठं राहतं, कुणाची बायकोपोरं किती, सगळं सांगितलं. सरकार काहीतरी चांगलंच करत असेल असं त्यांना वाटलं. पुढं पाणी आलं, घरं गेली, गाव चार दिशांना पांगलं. आणि लोक म्हणायला लागले की उकंडरावनं घरं दाखवली, उकंडरावनं पैसे खाल्ले.

"एक दमडी न्हाई खाल्ली माझ्या बापानं," बाई म्हणाल्या. "पर त्याच्या मातीला गावातलं एक मानूस आलं न्हाई. चौघं खांद्याला मिळंनात. आता मी दाखवू व्हय घरं? ज्यांनी माझ्या भरवशावर किल्ल्या ठिवल्या त्यांची?"

मी पुन्हा पुन्हा सांगितलं की ही साधी जनगणना आहे, साऱ्या देशात चालली आहे, हिचा धरणाशी काही संबंध नाही. त्यांनी मला विचारलं की मग दिवाळीत मोजणीचं तीन पायांचं यंत्र घेऊन दोघं ओढ्यात उतरले होते ते कोण. मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. तसं मी कबूल केलं, आणि ते ऐकून त्यांचा संशय उलट वाढला. मलाही त्यांचा राग यायचा थांबला नाही, खोटं कशाला बोलू. पण त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की ही बाई कशाला भीत होती. घर बुडण्याइतकीच तिला आपल्या हातून ते बुडालं असं लोक म्हणतील याची धास्ती होती.

शेवटी मार्ग त्यांनीच काढला. ज्याचं घर त्याला विचारा, म्हणाल्या. तो हो म्हणाला तर नंबर टाका, नाही म्हणाला तर नाही. आणि फोन माझ्यासमोर लावा, स्पीकर चालू ठेवून, मला दोन्हीकडचं ऐकू आलं पाहिजे. मास्तरांचा काय भरवसा, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओट्यावर बसलो. फोन नंबर त्यांना सगळे पाठ. त्या सांगत, मी माझ्या मोबाईलवरून लावत असे. भट्टीवरच्या पुनमनं पहिलं विचारलं, काकी बऱ्या हायत ना? दारावरच्या नंबरचं सांगितलं तर म्हणाली, काकी म्हणतील तसं. दुसरा म्हणाला, काकीला विचारा. तिसराही तेच. बाई संतापल्या. माझ्या हातातला मोबाईल तोंडाजवळ ओढून त्यांनी एकेकाला दरडावलं की मला मध्ये घेऊ नका, स्वतःच्या तोंडानं हो म्हणा, उद्या माझं नाव निघता कामा नये. मग एकेकजण हसत हसत हो म्हणाला. उन्हं चढेपर्यंत सगळ्या बंद दारांची परवानगी मिळाली. बाई जरा सैल झाल्या. माझ्याकडं बघून पहिल्यांदाच थोडं हसल्या.

राहिलं त्यांचंच घर. मी सहज म्हणालो की मावशी, तुमच्या सोमेश्वरलाही विचारून टाकू, म्हणजे चौघांचं नक्की होईल. खरं सांगायचं तर मला त्यांचा चारचा आकडा खोटा पाडायचा होता. त्यांनी लगेच नंबर सांगितला.

सोमेश्वरनं फोन उचलला. मागं कसलं तरी यंत्र चालू होतं. मी नाव, गाव, काम सांगितलं. स्पीकर चालू आहे हे सांगायचं राहून गेलं. तो म्हणाला, "सर, आमची तिघांची नावं इकडंच देनार हाय. फ्लॅट बुक केलाय आमी, पोराचं शाळंचं बी इकडंच झालं. आता तिकडं येनं व्हत न्हाई. आईला मात्र सांगू नका, ती उगं जिवाला लावून घ्येते. मी सांगतो तिला दिवाळीला." बरं म्हणून मी फोन बंद केला.

ओट्यावर कोंबडी फिरत होती. बाईंनी तिला हाकललं. पदर सारखा केला. मी खाली बघत बसलो.

"ह्यो सोमेश्वर नव्हता."

मी वर पाहिलं.

"आवाज न्हाई त्याचा," त्या म्हणाल्या. "तुमी दुसऱ्याच कुनाला लावला फोन."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. डोळे मात्र माझ्या तोंडावर रोखलेले, पहिल्या दिवशी होते तसेच, काय खोटं बोलतो बघू असे. सोमेश्वरनं आईचा उल्लेख केला होता, पोराचं सांगितलं होतं. एरवी तो तोच होता असं मी चिडून म्हणालोही असतो. पण या वेळी मी मोबाईल ओट्यावर पालथा ठेवला.

"राँग नंबर लागला असंल," मी म्हणालो.

"मंग," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात चार मान्सं हायत, मास्तर. चार लिवा."

मी मोबाईल उघडला. माणसांच्या जागी एक टाकला आणि पुढचा प्रश्न घेतला.

"लिवलं का चार?"

"लिवलं."

इतके दिवस मी त्यांच्याशी खरं बोलत होतो, तर त्यांनी माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. हे खोटं मात्र त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि बरं झालं म्हणाल्या.