गेटच्या ॲपवर फुकट हिशेब

सोसायट्यांच्या मेंटेनन्सचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर मी डोंबिवलीत घरी बसून लिहिलेलं. शहाडपासून ठाण्यापर्यंतच्या सोसायट्या ते विकत घ्यायच्या. मग गेटवर पाहुण्यांची नोंद करणारं ॲप विकणाऱ्या एका बड्या कंपनीने त्याच्यासोबत हिशेबाचं सॉफ्टवेअर फुकट द्यायला सुरुवात केली. माझ्यापेक्षा चांगलं नव्हतं ते, पण फुकटाशी भांडणार कसं? एकेक गिऱ्हाईक गेलं आणि धंदा बसला. माझ्या स्वतःच्या सोसायटीनेही तेच घेतलं. वर सेक्रेटरी मला म्हणाले, "अरे, मनाला लावून घेऊ नकोस."

मी लावून घेतलं. पुढच्या निवडणुकीत मीच सेक्रेटरी झालो.

आता कंपनीला त्या फुकट हिशेबाचे पैसे हवेत, म्हणून त्यांचा माणूस मला भेटायला येतो. वॉचमन गेटवर त्याचा फोटो काढतो आणि तो त्यांच्याच ॲपमधून माझ्या मोबाईलवर येतो. भर उन्हात उभा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कपाळावर घाम. खाली प्रश्न असतो, आत सोडायचं का? मी सावकाश चहा संपवतो, फोटो पुन्हा एकदा डोळे भरून बघतो आणि ‘नाही’ दाबतो.

त्यांचं ॲप एकदम झकास चालतं.