अर्जनवीसांचा ऐरावत

ये ग, जवळ बस. दोन इंग्रजी वाक्यं टाकून आजीला गप्प करतेस व्हय? ऐक.

निजामाच्या काळात तुळजापुरात आमच्या शेजारी एक अर्जनवीस राहायचे, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. बैल हरवल्याच्या अर्जातही इंग्रजी वाक्प्रचार घालायचे. "वजन पडतं!" म्हणायचे. सोलापूरच्या शाळेसाठी माझा अर्ज लिहिला, त्यात मला इंग्रजीत 'व्हाइट एलिफंट', म्हणजे 'पांढरा हत्ती' म्हटलं. त्यांना वाटलं, ऐरावत! अर्ज गेल्यावर पोस्टमास्तरांनी खरा अर्थ सांगितला: पोसायला महाग, कामाला शून्य.

त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. सकाळच्या मोटारीनं मला घेऊन सोलापूर गाठलं, मोठ्या बाईंपुढं हात जोडले. "बाई, पांढरा हत्ती मी. पोरगी लई हुशार हाय."

बाई पोट धरून हसल्या आणि माझं नाव लिहून घेतलं. आता पुढच्या वेळी लवकर ये, राहायलाच ये.