तलावात नांगर धरणारे मामा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार माझ्या मोठ्या मामांचे आहेत, आणि सिंदेवाहीपासून चामोर्शीपर्यंत त्यांच्याइतका हट्टी माणूस दुसरा सापडणार नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. मामा ढिवर, म्हणजे पिढीजात मासेमार. पाचवीपासून दहावीपर्यंत त्यांनी मला रोज डोंग्यातून तलावापलीकडच्या शाळेत पोचवले. परतताना, त्या दिवशी काय शिकलो ते सांगितल्याशिवाय डोंगा काठाला लागत नसे. विज्ञानाच्या तासाला मी झोपलो होतो, त्या दिवशी आम्ही बराच वेळ तलावाच्या मधोमध तरंगत होतो. मामांना अक्षरओळख नाही. पण पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू सोडतात हे माझ्याकडून कळल्यावर, मच्छीमार संस्थेच्या सभेत त्यांनी ते स्वतःच शोधून काढल्यासारखे सांगितले. मी घरातला पहिला पदवीधर झालो तेव्हा ते गावभर म्हणत फिरले, "आमी दोघंबी पास झालो."

तलावामागचे जंगल एके काळी राष्ट्रीय उद्यानात होते. पुढे हद्द बदलली आणि ते बाहेर पडले. मामा मात्र अजूनही तिथली वाळकी काडी उचलत नाहीत. मामी चिडते, "सरकारनं सोडलं, तुमी काऊन धरून बसले? चुलीत काय तुमाले घालू?" मामा शांतपणे विचारतात, "हद्द बदलली हे जनावरायले कोणी सांगतलं काय?"

त्यांचे खरे वेड उन्हाळ्यातले. पाणी आटून तलावाचा तळ उघडा पडला की मामा बैलजोडी घेऊन आत उतरतात, माजलेली बेशरमची झुडपे मुळासकट उपटतात आणि चक्क तलाव नांगरतात. पावसाचे थोडे पाणी साचले की त्या भुसभुशीत मातीत गाद, चिला, देवधान लावायचे. त्या पाणगवतात मासोळ्या अंडी घालतात. नवख्याला वाटते, म्हातारा शेती करतो आहे.

आणि नवखे आलेच. तलाव आणि मागचे जंगल मिळून खाणीचा प्रस्ताव होता. पाहणी करणारे दोघे साहेब भर उन्हाळ्यात जीपमधून उतरले. मामांनी त्यांना माठातले पाणी पाजले आणि फोटोसाठी डोक्याला धुतलेला दुपट्टा बांधून नांगराला उभे राहिले.

"इथे दरवर्षी नांगरता?"

"दरसाल!" मामा छाती काढून म्हणाले.

कशासाठी, हे साहेबांनी विचारले नाही. एरवी बोलायला लागले की कोणी अडवल्याशिवाय न थांबणारे मामा त्या दिवशी फोटो चांगला यावा म्हणून ओठ मिटून उभे होते.

जनसुनावणीच्या आधी अहवाल माझ्या हाती आला. तलावाच्या जागी लिहिले होते, 'कोरडी, लागवडीखालील जमीन', आणि पुराव्याला मामांचा फोटो. मी मामांना तो वाचून दाखवला आणि लेखी आक्षेप तयार केला. सुनावणीत मामा स्वतः माइकसमोर गेले. "साहेब, तो नांगर मासोळ्यायसाठी होय." मंडपातली बाहेरगावची माणसे हसली. मंचावरचे साहेबही हसले. मामा खाली मान घालून आपल्या जागेवर येऊन बसले.

यंदा तलाव आटला तेव्हा मामीचा मला चंद्रपूरला फोन आला. "बैल बांधूनच हायेत बापू. 'माह्याच नांगरानं तलाव गेला,' म्हणते तुहे मामा. कोणाशी बोलून नाई राह्यले." मामा फोनवर यायला तयार नव्हते. म्हणून मी पत्र पाठवले. मामी चौथी शिकली आहे, तिने ते वाचून दाखवले.

"ती. मामांस सा. न.

निकाल अजून आलेला नाही. तुम्हाला खोटा धीर देणार नाही. खाण होऊ शकते. पण चूक तुमची नाही. ज्यांनी विचारायला हवे होते त्यांनी विचारले नाही, आणि ज्याला तुम्ही शिकवले तो मी, साहेब पाहणीला आले त्या दिवशी गावात नव्हतो. तुमच्याकडून ऐकलेले एकूण एक गवत आणि मासोळी मी आक्षेपात नावानिशी लिहिली आहे. तेवढे तरी आता सरकारच्या कागदात आहे.

खाण यायची तेव्हा येईल. या पावसाळ्यात मासोळ्या मात्र येणार, आणि त्यांना अंडी घालायला जागा लागणार. शनिवारी पहिल्या बसने मी येतो. बैल जुंपून ठेवा.

तुमचा भाचा"