ताईंनी परत मागितलेला ड्रायव्हर

माझ्या मोठ्या जाऊबाई नेमकं काय काम करतात, हे लग्नानंतर तीन वर्षं मला धड कळलं नव्हतं. सासूबाई शेजारीपाजारी सांगायच्या, "थोरली कुलपांचं काम करते." तसं त्यात खोटं काही नव्हतं. ताई ज्या कंपनीत आहेत तिथे माहिती कुलूपबंद करणारी, म्हणजे परक्याला वाचता येऊ नये अशी करून टाकणारी चिप तयार होते. पण ऐकणाऱ्यांनी ते शब्दशः घेतलं आणि एके दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू बिघडलेलं कुलूप घेऊन दारात हजर! ताईंनी चष्मा पुसला, स्क्रूड्रायव्हर मागितला आणि अर्ध्या तासात कुलूप दुरुस्त करून दिलं. "हे माझं काम नाही" असं म्हणायची त्यांना सवयच नाही.

त्यांचं खरं काम वेगळं. नुसती चिप बनवून भागत नाही. कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याला ती चिप ओळखता आली पाहिजे. तिला काम कसं द्यायचं, उत्तर कसं घ्यायचं, हे कळलं पाहिजे. ते जमवून देणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो ताई लिहितात. कर्नल जगभरातली माणसं मिळून सांभाळतात, आणि त्याच्या प्रत्येक भागाला एक राखणदार असतो. तो हो म्हणेपर्यंत एक ओळ आत जात नाही. ताईंच्या वाट्याला आलेला राखणदार दूरदेशीचा, कधी न भेटलेला आणि महाखडूस. ताई त्याला हेडमास्तर म्हणायच्या.

हेडमास्तरांनी ड्रायव्हर पाच वेळा परत पाठवला. एकदा तर आख्ख्या पानावर दोनच शब्द: "हे कशासाठी?" ताई दोन दिवस विचार करत होत्या. तिसऱ्या दिवशी मटार सोलता सोलता म्हणाल्या, "बरोबर विचारलंय मेल्यानं. ते नकोच आहे तिथे."

चौदा महिन्यांनी, सहाव्या खेपेला, मंजुरी आली. ऑफिसात साहेबांनी केक मागवला. ही चिप रुग्णालयांच्या यंत्रांत बसणार होती, रुग्णांची माहिती जपायला. सगळे या दिवसाचीच वाट बघत होते.

ड्रायव्हर आत घेताना कर्नल त्याची परीक्षा घेतो. उत्तरं आधीच ठाऊक असलेले प्रश्न विचारतो. ताईंचा ड्रायव्हर त्यात दर वेळी पास व्हायचा. तरी आपल्या टेबलावर त्यांनी चिप बसवलेला एक बोर्ड सतत चालू ठेवला होता, तेच प्रश्न दिवसभर विचारत राहणारा. केक कापून झाल्यावर त्या जागेवर आल्या आणि पडदा बघून उभ्याच राहिल्या. चार लाख प्रश्नांत तीन उत्तरं चुकली होती.

"चार लाखांत तीन!" साहेब म्हणाले. "कुणाच्या लक्षात तरी येणार आहे का? आधी आत जाऊ दे, मग सावकाश बघू."

"ज्याची माहिती बिघडेल त्याच्या लक्षात येईल," ताई म्हणाल्या.

"तुम्ही पायावर धोंडा मारून घेताय."

ताईंनी जागेवर जाऊन हेडमास्तरांना लिहिलं: माझा ड्रायव्हर कधीकधी चुकतो, कारण मला अजून कळलेलं नाही, कृपा करून आत घेऊ नका. घरी आल्या तेव्हा चेहरा एवढासा झाला होता. "चौदा महिने ग," एवढंच माझ्याशी बोलल्या आणि भांडी घासायला लागल्या.

पुढचे पाच आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर कागदच कागद. चुकलेल्या उत्तरांवर ताई लाल पेन्सिलीनं खुणा करायच्या. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो, सासूबाईसुद्धा, आणि त्या चक्क कुरकुरल्या नाहीत. एका रविवारी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ताई खुर्चीत ताठ बसलेल्या.

"लाल खुणा बघ. कुठे आहेत?"

"प्रत्येक उत्तराच्या शेवटाला," मी म्हटलं.

"आणि हे आकडे चुकलेले नाहीत. शिळे आहेत! आधीच्या कामातले तसेच राहिलेत."

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. चिप आपलं उत्तर थेट मेमरीत लिहिते. प्रोसेसर मात्र मेमरीचा थोडा थोडा भाग उचलून स्वतःजवळ ठेवतो आणि बदल करून परत लिहितो. उत्तराचा शेवट आणि ड्रायव्हरची दुसरी एक नोंद एकाच तुकड्यात पडली होती. प्रोसेसरनं नोंद बदलून अख्खा तुकडा परत लिहिला, की चिपचं ताजं उत्तर पुसलं जायचं. क्षणाची गाठ पडली तरच, म्हणून चार लाखांत तीनदा. उत्तराला स्वतंत्र जागा दिली की झालं. बदल फक्त दोन ओळींचा!

बोर्ड आठवडाभर चालला. चूक शून्य. पण ताई तिथे थांबल्या नाहीत. दुसऱ्या कंपन्यांचे ड्रायव्हर उघडून बघितले, तर त्यांतल्या दोनांत तीच चूक. त्यांनी तीही दुरुस्त करून पाठवली.

साहेब वैतागले. "स्पर्धकांची घरं कशाला सावरताय?"

"रुग्णाला कुठल्या चिपच्या यंत्राला जोडायचं, हे त्याला विचारून थोडंच ठरवतात?" ताई म्हणाल्या. पुढच्याच महिन्यात नव्या माणसांना कामाची रीत शिकवायला साहेबांनी ताईंनाच उभं केलं, हेही सांगायला हवं.

हेडमास्तरांनी तिन्ही बदल एका दिवसात घेतले. खाली लिहिलं होतं, "मंजूर झालेलं काम स्वतःहून परत मागणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं." आणि वर्षभरानं त्यांनी विचारलं, या भागाची राखण तुम्हीही कराल का?

राखणदारांच्या यादीत ताईंचं नाव आलं, तेव्हा सासूबाईंनी ते बघायचंच म्हणून हट्ट धरला. मी अक्षरं मोठी करून दाखवली. त्यांनी बोट लावून वाचलं. आडनाव ताईंच्या माहेरचं होतं. ताई काही सांगायला तोंड उघडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "असू दे. शोभतंय."