ड्रायव्हरकाकांचं वळण

ताई नऊ वर्षांची असताना तिची आई गेली आणि पोरीची वाचाच बसली. वडील शिवणकाम करायचे. त्यांनी गोडीगुलाबीने विचारून पाहिलं, शेजाऱ्यांनी दटावून पाहिलं. मावशीने मात्र काहीच विचारलं नाही. चिंध्यांचं गाठोडं पुढ्यात टाकलं आणि स्वतःही सुई-दोरा घेऊन बसली. दोन महिन्यांनी ताईने एक वेडीवाकडी बाहुली शिवली आणि बारीक आवाज काढून बाहुलीच्या तोंडून म्हणाली, "भूक लागलीय."

मावशीने बाहुलीलाच विचारलं, "काय खाणार गं?"

मोठी झाल्यावर ताई मानसशास्त्र शिकली, दवाखान्यात लागली. छापील प्रश्नावली, पाऊण तासाची भेट, सगळं नियमाप्रमाणे. पण समोरचा माणूस गप्प बसला की ती गडबडून पुढचाच प्रश्न वाचायची आणि भेट वाया जायची. नोकरी सोडायचं जवळजवळ ठरलंच होतं, तेवढ्यात एक मुलगी वडिलांना घेऊन आली. ते बसड्रायव्हर होते. त्यांच्या गाडीखाली एक सायकलवाला गेला होता. चूक त्यांची नव्हती, चौकशीतही तसंच निघालं. पण काकांनी अंथरूण धरलं ते धरलंच, तोंडातून शब्द नाही.

चार भेटी भिंतीकडे बघण्यात गेल्या. पाचव्या वेळी ताईला मावशीचं गाठोडं आठवलं. तिने प्रश्नावली खणात टाकली, टेबलभर कागद पसरला, रंगीत खडू ठेवले.

"काका, तुमची गाडी कुठून कुठे जायची, काढून दाखवा ना. मला रस्त्यातलं ओ की ठो कळत नाही."

मग काकांनी निळा खडू उचलला. डेपो, शाळा, पूल. एका वळणावर हात थांबला.

"इथे," ते म्हणाले आणि ढसाढसा रडले.

ताईही रडली. असं रडायचं नसतं, असं पुस्तकात होतं.

पुढचे तीन महिने रस्ता त्या वळणापलीकडे इंचाइंचाने सरकत गेला. शेवटच्या थांब्यापाशी काकांनी एक झाडही काढलं.

"तुमचे उपकार झाले," ते म्हणाले.

"नाही हो काका, उलट आहे. तुम्ही खडू उचललात म्हणून मी इथे टिकले."

काकांना काही उमगलं नाही. त्यांनी आपली मान हलवली.

त्या दिवशी बाप-लेक बसनेच घरी गेले. संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती हसत होती. "ताई, बाबा वाटभर त्या ड्रायव्हरला नावं ठेवत होते. म्हणे, गिअर टाकतोय की खलबत्त्यात मसाला कुटतोय!"